बाईची करंगळी

रोज सकाळी दवाखाना उघडला की बाई पायरीवर बसून उजव्या करंगळीचं नख दगडावर घासायची. मग लाल साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची. दिवसभरात कोणाचंही तान्हं रडलं की ती करंगळी त्याच्या तोंडात जायची. मान तिरकी करून बाई जराशी थांबायची आणि निकाल द्यायची, "भूक आहे." नाहीतर, "भूक नाई, आठवण आहे."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वडशापासून तासाभराच्या वाटेवर, जंगलाला लागून आमचा लहानसा दवाखाना होता. मी तिथे नर्स, ती मदतनीस. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. पगार झाडूपोछ्याचा, पण अर्धा दवाखाना त्यांच्याच भरवशावर चालतो.

एकदा एक नवा बाप आठ दिवसांचं पोर घेऊन आला. "शिस्टर, बायकोले दूध पुरून नाई राह्यलं. डब्याचं लिहून द्या," म्हणाला. बाईने मधेच करंगळी घातली. "पोट भरलं आहे याचं. आठवण येऊन राह्यली."

"कोणाची?"

"पोटातली. आठ दिवसाआधी तिथीच होतं ना बापा ते. माईजवळ ने त्याले."

तो बिचारा डब्याशिवाय परत गेला. आठवड्याला येणारे डॉक्टर तिच्या करंगळीला 'बाईंचं मशीन' म्हणत. बाई म्हणायची, "हसा, साहेब. मशीनले लाइट लागते, याले नाई लागत." आमच्याकडे लाइट बहुतेक नसायचीच.

मग मला मुलगी झाली. नवरा चंद्रपूरला नोकरीला होता, शनिवारी यायचा. एका शनिवारी त्याने गुलाबी रबराची चोखणी आणली. मुलगी तेव्हा वीस दिवसांची होती. मी बाळंतपणाच्या रजेवर होते, पण बदलीवरची नर्स आलीच नाही. त्यात लसीकरणाचा आठवडा, दारात ही गर्दी. दवाखान्याला लागूनच घर, म्हटलं चार दिवस निभावून नेऊ. सासूबाई मुलीजवळ बसायच्या. ती कुरकुरली की चोखणी द्यायच्या, की ती गप्प. "किती शहाणी पोर," सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि पुढच्या मुलाला लस टोचायला वळायचे.

बाई दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "शिस्टर, ते रबर काढा. रबराले काय समजते, भूक आहे का आठवण? लेकरू रडते म्हणून तर माईले समजते."

उन्हाने आणि जागरणाने माझं डोकं उठलं होतं. मी म्हणाले, "बाई, नर्स तुम्ही आहात की मी?"

त्यानंतर तिने माझ्या मुलीला हात लावला नाही. आधी दुधाने माझा पदर भिजायचा. तिसऱ्या दिवशी तो भिजायचा थांबला. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत ते मला दाराशीच कळलं असतं.

चौथ्या दिवशी दुपारी बाई न विचारता आमच्या घरात शिरली. तिने चोखणी काढली, करंगळी घातली आणि मान तिरकी करून थांबली. नेहमीपेक्षा खूप वेळ थांबली. "शिस्टर," ती हळू म्हणाली, "ओढून नाई राह्यली. लंगोटही कोरडा आहे."

जीप मिळेपर्यंत तासभर गेला. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा पाजत होतात?" संध्याकाळी मुलगी गेली.

बाई बौद्ध होती, आणि सासूबाई तिच्या हातचं पाणीही पीत नसत. मुलगी गेल्याच्या तिसऱ्या दिवशी अंगणात बायका बसल्या असताना सासूबाई म्हणाल्या, "त्या बाईनं तोंडात बोट घातलं आणि पोर गेली." बाई कोपऱ्यात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. एका वाक्याचं काम होतं. चोखणी आम्ही दिली, पाजायचं मी चुकले, एवढंच. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. बाई झाडू घेऊन दवाखान्यात गेली.

खेड्यात बातमीला पाय नसतात, पंख असतात. बायका बाई दिसली की लेकरू पदराखाली घ्यायला लागल्या. तिने कोणाला काही सांगितलं नाही. मलाही कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. नख घासणं मात्र तिने आपणहून सोडलं. महिनाभराने ती काम सोडून चिमूरकडे बहिणीच्या गावाला निघाली.

मी बस थांब्यावर गेले होते. काय बोलायचं ते रस्ताभर ठरवलं होतं. तिथे एक अनोळखी बाई तान्हं घेऊन बसली होती आणि ते लेकरू जीव तोडून रडत होतं. आमची बाई सवयीने उठली. हापशावर गेली, हात धुतला, ओट्याच्या दगडावर नख घासलं. दोन पावलं त्या लेकराकडे टाकली, आणि तिची नजर माझ्याकडे गेली.

ती थांबली. तिने करंगळी पदराला पुसली, परत येऊन माझ्या शेजारी बसली आणि हात मांडीखाली दाबून धरला.

"भूक असन का, बाई?" मी विचारलं.

"मले काय समजते, शिस्टर," ती म्हणाली.

बस येईपर्यंत ते लेकरू रडत होतं, आणि आम्ही दोघी ऐकत होतो.