रेझ्युमेतलं गाऱ्हाणं

मुलांनो, सुट्टीत मिठबावला आलात की तुमच्याबरोबर वाळूत खेकड्यांमागे धावणारी शेजारची मुलगी आठवते ना? मागच्या वर्षी ती लॅपटॉप काखेत घेऊन माझ्याकडे आली. "आजी, माझो रेझ्युमे बघशात?" कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, पण शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं, म्हणून गाव अजूनही माझ्याकडे कागद घेऊन येतं.

मागोमाग तिचा बाप येऊन पडवीत टेकला. तो माझा जुना विद्यार्थी. डायलिसिससाठी कणकवलीच्या खेपा करून पार वाळून गेला होता. मुलीला नोकरी लागलेली बघायची, एवढीच त्याची इच्छा उरली होती.

मी वाचू लागले. भाषा इंग्रजी, पण वळण ओळखीचं. गावात नेटवर्क नसताना, वडील आजारी असताना, आई दुसऱ्याच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरत असताना या मुलीने कोडिंगच्या स्पर्धा दिल्या. आणि शेवटी, काही चुकलंमाकलं असेल तर सांभाळून घ्यावं!

हे तर गाऱ्हाणं होतं. देवापुढे नारळ ठेवून कर्ता माणूस बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तसलं. आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालावं तर तिच्या बापानेच. हा मजकूरही त्यानेच सांगितला होता.

"बाई, देवाक सगळा सांगूक लागता," तो म्हणाला. "मगे कंपनीक कित्याक नको?"

"कंपनी म्हणजे देव न्हय रे. तिका दया येणा नाय."

"मगे तिच्या फुड्यात नारळ खंयचो ठेवूचो?"

"हो आकडो," मी स्पर्धांत तिला मिळालेल्या रेटिंगवर बोट ठेवलं. तो इतका हसला की त्याला खोकला आला.

मग मी विचारत गेले, ती सांगत गेली. तिघांचा संघ विभागीय फेरीपर्यंत पोचला होता. ती सारखी 'आमी सोडवलाव, आमी सोडवलाव' म्हणे. "आणि तू काय केलंस गो?" असं दोनतीनदा विचारल्यावर पुटपुटली, कमीत कमी अंतराचा रस्ता शोधायची गणितं तिची. तेच ठळक लिहिलं. रेटिंग, फेरी, संघातलं तिचं काम, कोणत्या भाषेत कोड लिहिते, सोडवलेली गणितं बघता येतील ती लिंक. बारीकसारीक प्रशस्तिपत्रं गाळली. सगळं एका पानात बसलं.

बापाने मान लांब करून स्क्रीनकडे पाहिलं. "माजी ओळ खंय गेली?"

"काडली रे."

त्याने मान मागे घेतली. मग म्हणाला, "बरा केलात. नोकरी काय माका करूची आसा?" ती स्क्रीनवरून नजर काढेना.

मुलाखतीत तिला त्या रस्त्यांच्या गणिताबद्दलच विचारलं, आणि ती भरभरून बोलली. नंतर मात्र कंपनीकडून काही कळेना. बाप रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन तिला हाक मारी, "इला काय गो?" मग एकदा डायलिसिसला गेला तो परत आलाच नाही. नोकरी दिल्याची ईमेल आली ती त्याच्या बाराव्याच्या आधी. तिने ती वाचली आणि लॅपटॉप मिटून आईशेजारी जाऊन बसली.

सुतक संपल्यावर, नोकरीवर जायला तिने नांदगाव स्टेशनहून गाडी धरायच्या आदल्या दिवशी, घरात नारळ ठेवला. चुलता पुढे झाला, तर ती म्हणाली, "काका, मी घालतंय."

"बा देवा म्हाराजा," तिने सुरुवात केली. नेटवर्क नाय होता म्हाराजा, बापाशीक डायलिसिस होता म्हाराजा, आवस लोकांचे आंबे भरी होती म्हाराजा. मी पानावरून काढलेली एकेक ओळ, त्याच क्रमाने, त्याच्याच चढउतारात. "काय चुकला माकला आसात तर सांभाळून घे."

आई आणि चुलता 'व्हय म्हाराजा' म्हणाले. त्यांचं म्हणून झाल्यावर, बऱ्याच वेळाने, मी एकटीच म्हणाले.