जवसाच्या तेलाचा ब्रेक

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवरून. अमरावतीला आमच्या घरी पत्र्याची एक ट्रंक होती. वडिलांनी सभांमधून, मिरवणुकांमधून आणलेली पत्रकं तिच्यात असायची. मी वाचलेला पहिला शब्द बहुधा ‘बंधूंनो’ हाच असावा. छापलेल्या मजकुरात खोटं असू शकतं हे कळायला मला विसावं वर्ष उजाडावं लागलं, आणि तेव्हा ते खोटं माझंच निघालं.

अमरावतीला माझे मामा डॉक्टर होते. त्यांनी मोटार घेतली आणि आपली जुनी फटफटी मला दिली. मी विलायती माल न वापरण्याची शपथ घेतलेला. गावोगावच्या विलायती कापडाच्या होळ्या विझून काही वर्षं झाली होती, आणि बरोबरचे बरेच जण हळूच मिलच्या धोतरावर आले होते. मी आलो नव्हतो. फटफटी विलायती, तिचं पेट्रोल विलायती. त्याला माझा इलाज नव्हता. पण तिच्या सांध्यांत घालायचं वंगण तरी आपल्या मातीतलं असावं, असं मी ठरवलं. तेल्याच्या घाण्यावरून जवसाचं तेल आणलं आणि जिथे जिथे लोखंड लोखंडावर फिरतं तिथे तिथे सढळ हाताने घातलं. ब्रेकलाही घातलं. गाडी लोण्यासारखी चालू लागली. आठव्या दिवशी मी पत्रक लिहिलं. घरातल्या शिवणयंत्रापासून फटफटीपर्यंत कुठेही परक्या वंगणाची गरज नाही, घाण्यावरचं जवसाचं तेल पुरेसं आहे, ‘हे मी दीर्घ अनुभवाने सांगतो’ असं त्यात होतं. दोनशे प्रती काढल्या आणि बडनेऱ्याच्या स्टेशनपासून गावोगाव वाटल्या.

दोन महिन्यांनी, फाल्गुनात, दुसऱ्या एका पत्रकाचा गठ्ठा मागे बांधून मी पहाटे अकोल्याला निघालो. मूर्तिजापूर गेल्यावर गाडी जड वाटू लागली. ब्रेकचं पॅडल दाबलं की खालीच राहायचं. मग मी पायाच्या बोटांनी ते वर उचलायचो. थोड्या वेळाने ते उचललं तरी चाक मोकळं होईना. जळका वास येऊ लागला. थांबून मागच्या चाकाच्या ड्रमला बोट लावलं आणि ते तोंडात घालायची पाळी आली. गाडी थंड होईपर्यंत बसायचं, थोडं जायचं, पुन्हा बसायचं, असं करत दहाच्या सुमारास मी जठारपेठेत एका मिस्त्रीच्या दारात पोचलो.

मिस्त्री माळ्याच्या घरचा. भाऊबंद वांगी-मेथी पिकवून बाजारात बसायचे; हा एकटाच कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होऊन मग स्वतःचं दुकान टाकून बसला होता. चाळिशीचा, बारीक, डोळे मिचकावत बोलणारा. त्याने पॅडल एकदा दाबलं, ते वर येतं का ते पाहिलं आणि म्हणाला, “जाम झालं भाऊ. आतून जाम. बसा.”

त्याने मागचं चाक काढलं. आतली ताटलीएवढी लोखंडी चकती बाहेर आली. तिच्यावर चंद्रकोरीसारखे दोन ब्रेकशू, त्यांना ओढून धरणाऱ्या दोन स्प्रिंगा, आणि दोघांच्या मध्ये चपट्या डोक्याची एक खुंटी. पॅडल दाबलं की ही खुंटी फिरते, शू फाकतात आणि चाकाला धरतात. पॅडल सोडलं की स्प्रिंगा त्यांना मागे घेतात. माझी खुंटी फाकलेल्या जागीच थिजली होती. मिस्त्रीने शू उचकटून काढले, खुंटीच्या भोवती रॉकेल सोडलं आणि बिडी पेटवायला दुकानाबाहेर गेला. परत येऊन पकडीने पिळून पाहिलं. खुंटी हलली नाही.

“हातोडी मारा ना,” मी म्हणालो.

“मारतो ना. वाकडी झाली तं नवी तुमी घडवून देता का?”

त्याने स्टोव्ह पेटवला आणि ती चकती चिमट्यात धरून जाळावर फिरवू लागला. थोड्या वेळाने धूर निघाला. मिस्त्रीने नाक वर केलं. दुकानाच्या मागच्या दाराकडे तोंड करून ओरडला, “अवो! जवस भाजून राहिली का तू?”

आतून त्याची बायको म्हणाली, “जवस कायची? भाकरी थापून राहिली मी!”

मिस्त्रीने चकती नाकाशी नेली, हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं. चटणीच्या भाजलेल्या जवसाचा वास वऱ्हाडातल्या माणसाला ओळखायला वेळ लागत नाही. मीही ओळखला होता.

“भाऊ, यात काय घातलं तुमी?”

मी सांगितलं. शपथेपासून सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. खांदे हलताहेत हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

“गाडी विलायती,” तो म्हणाला, “पेट्रोल विलायती, टायर विलायती. अन् तुमचा धरम बाटला तं ग्रीसानं!” मग हसू आवरून त्याने स्क्रूड्रायव्हरने खुंटीवरचा पिवळट थर खरवडला. काचेसारखी खपली उडाली. “हे पाहा. जवसाचं तेल सुकते, भाऊ. सुतार दाराले लावते ते याच्याच साठी. पयले पंधरा दिवस झकास. मग चिकट. मग हे असं. तुमी ब्रेकाले रोगण दिलं जी!”

पहिले पंधरा दिवस झकास. मी आठव्या दिवशी लिहिलं होतं.

आणि मग मला पोस्टकार्ड आठवलं. ते माझ्या खिशातच होतं. महिनाभर मी ते मित्रांना दाखवत फिरत होतो. ते बाळापूरच्या एका वकिलांचं होतं. त्यांच्याकडेही जुनी फटफटी होती. ‘आपल्या पत्रकाबरहुकूम सर्व सांध्यांस जवसाचे तेल दिले आहे. गाडी उत्तम. रोज मुलीस मागे बसवून नदीचा उतार उतरतो तेव्हा आपले स्मरण होते.’ घर मळ्यात नदीपलीकडे, शाळा गावात, असंही त्यात होतं. पत्राला महिना झाला होता. म्हणजे त्यांच्या तेलाला महिन्याहून जास्त.

मी मिस्त्रीला पत्र वाचून दाखवलं. त्याचं हसणं थांबलं.

“पोरगी केवढी हाय?”

“माहीत नाही. शाळेत जाते.”

“उतारावर जाम झालं तं चाक जागीच धरते. मागचं चाक धरलं का गाडी आडवी होते.” एवढं बोलून तो पुन्हा स्टोव्हकडे वळला.

शाळा पाचला सुटणार. बाळापूर सोळा मैल. मी मोटारस्टँडवर धावत गेलो. बाळापूरची सर्व्हिस नुकतीच गेली होती आणि पुढची संध्याकाळी होती. परत आलो तेव्हा खुंटी अजून तशीच. मिस्त्री तापवायचा, पकडीने केसभर इकडे, केसभर तिकडे पिळायचा, पुन्हा तापवायचा. मी शेजारी उकिडवा बसून त्याच्या मनगटाकडे पाहत होतो. माझ्या डोळ्यांपुढे मी कधी न पाहिलेला तो उतार येत होता, आणि दर वेळी तो आधीपेक्षा जास्त उभा असायचा.

“जरा जोर लावा, मिस्त्री.”

“भाषण नाही हे, जोर लावाले. गप बसा.”

बाराच्या पुढे कधीतरी खुंटी किरकिरली आणि फिरली. पण काम तिथे संपलं नाही. त्याने खुंटी बाहेर काढली, भोकासकट ती खरवडून लख्ख केली. स्प्रिंगा आणि बाकीचं लोखंड धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकलं. शूंच्या अस्तरावरही तेल उतरून चिकटा झाला होता; तो त्याने कानशीने घासून काढला. मग कोपऱ्यातला ग्रीसचा डबा उघडला. डब्यावर विलायती छाप होता. त्याने करंगळीच्या टोकावर थेंबभर घेतलं आणि थांबला.

“लावू का? का शपथ हाय?”

“लावा,” मी म्हणालो. मला वाटलं होतं, हा शब्द तोंडातून निघताना काहीतरी मोडेल. काहीही मोडलं नाही. मी फक्त घड्याळ कुठे दिसतं का ते पाहत होतो.

चारच्या पुढे निघालो. सोडा, कानस आणि कागदात बांधलेलं ग्रीस मिस्त्रीने बरोबर दिलं. “वकिलाचीबी खोला. आता पाह्यलं ना कसं करतेत?” वाटेत मी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून पाहत होतो. तो धरत होता आणि सोडत होता, आणि दर वेळी सोडला की मला बाळापूरचा न सुटणारा ब्रेक आठवत होता.

शाळा सुटली होती. पोरं रस्त्यात पांगली होती. नदीकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी एक फटफटी वळताना दिसली. काळा कोट, टोपी, मागे दोन वेण्यांची नऊ-दहा वर्षांची मुलगी. मी गाडी त्यांच्यासमोर आडवी घातली.

वकील आधी भडकले. मी कोण ते कळल्यावर मात्र गाडी बंद करून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “अहो, तुम्ही! बेटा, नमस्कार कर. हेच ते तेलाचं पत्रक लिहिणारे.”

“साहेब, तिला खाली उतरवा,” मी म्हणालो. “ते तेल चुकीचं आहे. ब्रेक जाम होतो.”

“माझा नाही होत. उलट पूर्वीपेक्षा घट्ट धरतो. कोणी सांगितलं तुम्हाला हे? ग्रीस विकणाऱ्याने?” त्यांनी माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहिलं. “तुम्हीच असे ढिले पडलात तर आमच्यासारख्यांनी कोणाकडे पाहावं?”

हेच वाक्य मी स्वतः किती जणांना सुनावलं होतं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “बाबा, चाक पोळते. मी रोज तं सांगतो तुमाले.”

“उन्हाने तापतं ते.”

“उन्हानं दोन्ही चाकं तापतीन ना! मागचंच काहून पोळते?” आणि तिने पाय वर करून टाच दाखवली. ड्रमला लागून तिथे रुपयाएवढा डाग पडला होता. जुना, काळपट; खपली धरून सुकत आलेला.

वकील वाकले आणि त्यांनी मागच्या ड्रमला हात लावला. शाळेपासून त्या वळणापर्यंतच गाडी आली होती. त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि मुलीला काखेत धरून खाली उतरवलं.

घरी जायला तो उतार उतरणं भागच होतं. माझी गाडी शाळेच्या भिंतीशी लावून आम्ही त्यांची ढकलत निघालो. मला भीती होती गाडी सुटण्याची. ती उतारावरसुद्धा पुढे जाईना. एका बाजूने वकील, एका बाजूने मी, मागून मुलगी, असे तिघे आम्ही गाडी खाली ढकलत होतो. बाजाराहून परतणारी एक म्हातारी थांबून म्हणाली, “बाई व! उतारावरबी ढकला लागते का हिले?” मुलगी हसली. वकील हसले नाहीत.

निम्म्या उतारावर त्यांनी विचारलं, “दीर्घ अनुभव म्हणजे किती?”

“आठ दिवस.”

त्यांनी हँडल घट्ट धरलं आणि मळ्यात पोचेपर्यंत ढकलत राहिले. मी अंगणात त्यांचं चाक खोललं. त्यांची खुंटी माझ्या खुंटीइतकी थिजली नव्हती, पण दर वेळी अर्धीच परत येत होती; पॅडल तेवढ्यापुरतं वर येऊन सगळं ठीक असल्याचं भासवत होतं. मिस्त्रीने केलं तसं मी तापवलं, पिळलं, खरवडलं. मुलगी सोड्याचं पाणी आणून देत होती. खुंटी मोकळी झाल्यावर वकिलांनी स्वतः चाक हाताने फिरवून पाहिलं, दोनदा पॅडल दाबून सोडलं, आणि आतून दौत, टाक आणि कागद घेऊन आले.

“मला तुमचं पटलं. पण तोंडी नको. छापून सांगितलंत, तसंच छापून परत घ्या. आत्ता लिहा, माझ्यासमोर.”

मी ओट्यावर बसून लिहिलं. पानभर झालं. शपथ, देश, सद्हेतू, अनुभवाचा अभाव, तरुण वय. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं आणि माझ्या हातातला टाक मागून घेतला. पहिल्या दोन परिच्छेदांवर एक तिरकी रेघ मारली.

“सद्हेतू काढा. कोणी विचारलेला नाही.”

मग खाली येत येत ‘तरुण वय’ गेलं, ‘देश’ गेला. उरल्या चार ओळी: जवसाचं तेल ब्रेकला घालू नये, ते सुकून ब्रेक जाम होतो, ज्यांनी घातलं असेल त्यांनी आजच चाक खोलावं, आणि अनुभव आठ दिवसांचा होता. त्यांनी मुलीला त्या मोठ्याने वाचायला लावल्या. तिला सगळ्या कळल्या. मग त्यांनी कागद माझ्या हातात दिला.

“किती प्रती काढल्या होत्या?”

“दोनशे.”

“मी एकट्याने पत्र लिहिलं म्हणून तुम्हाला मी माहीत,” ते म्हणाले. “आता बाकीचे कुठे शोधणार?”

मी बडनेऱ्यापासून मोजायला सुरुवात केली. स्टेशनवर ज्यांच्या हातात कागद कोंबला होता त्यांतला एकही चेहरा मला आठवेना.