काकू चिनी शिकल्या

दुष्काळात लातूरला आमच्या गल्लीत टँकर यायचा, तेव्हा शेजारच्या काकू रांगेत घागरी लावून कानात मोबाईलची वायर घालायच्या आणि चिनी शब्द पुटपुटायच्या. एकच अक्षर कधी चढवून, कधी उतरवून म्हणायच्या. बाया पदराआड हसायच्या. काकू तिकडं बघायच्याही नाहीत.

त्यांची एकुलती एक मुलगी चीनमध्ये डॉक्टरकी शिकायला गेली आणि तिथंच तापानं वारली. शेवटी तिच्याजवळ होती ती एक चिनी मैत्रीण.

मी एकदा विचारलं, "काकू, आता कशाला शिकायलात?"

"त्या पोरीला आपलं बोलणं येत न्हाई," त्या म्हणाल्या, "अन् मला तिला विचारायचं हाय."

वर्षभरानं एका दुपारी मला जवळ बसवून त्यांनी फोन लावला. अडखळत, शब्दाला शब्द जोडत त्या बोलल्या. पलीकडची पोर रडली, मग सावकाश सांगत राहिली. न कळलेला शब्द काकू पुन्हा म्हणायला लावत होत्या.

फोन ठेवून त्या माझ्याकडं वळल्या.

"तापात 'आई, आई' करून हाका मारीत होती म्हणं," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला अर्थ कळंना. पण दर हाकेला तिनंच ओ दिली."