ताईंच्या पोटातला ग्रीक शब्द

आमच्या रेडिओ केंद्रावर ताईंचा आवाज सगळ्यांना हवा होता आणि ताईंचं पोट कोणालाच नको होतं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. माईक आणि यंत्रं माझ्या ताब्यात, हेडफोन माझ्या कानांवर, त्यामुळे ते पोट माझ्याइतकं जवळून कोणी ऐकलेलं नाही.

ताई आधी बसस्थानकावर गाड्यांच्या वेळा पुकारायच्या. तिथे त्यांचा आवाज इतका गाजला की लोक गाडी सोडून भोंग्याखाली ऐकत उभे राहायचे, असं त्याच सांगत. मी त्यातलं निम्मं खरं धरतो. पुढे त्या आमच्याकडे आल्या आणि दुपारी त्यांचा ‘एक शब्द’ सुरू झाला. इंग्रजीतला एखादा चमत्कारिक शब्द घ्यायचा, त्याचा अर्थ सांगायचा, त्याचं मूळ खणून काढायचं. कार्यक्रम थेट प्रसारित व्हायचा. आधी बोलून ठेवलेलं त्यांना शिळं वाटे. घरी त्यांचं ऐकायला कोणी नव्हतं. भाऊ होता, पण तो स्वतःच अखंड बोलायचा. त्यामुळे त्या लाल दिव्याखाली ताई ज्या काही फुलायच्या!

आता पोटाचं. केंद्रावरच्या एका जुन्या निवेदकानं कधीकाळी सांगून ठेवलं होतं की भरल्या पोटी आवाज जड होतो. झालं! तेव्हापासून प्रसारणाआधी कोणी घासही घ्यायचा नाही, हा आमचा अलिखित कायदा. दुपारपर्यंत सगळ्यांच्याच पोटात कावळे ओरडायचे. इतरांच्या कावळ्यांना जरा तरी लाज होती. ताईंचे कावळे थेट माईकशी बोलायचे.

श्रोत्यांचे फोन येऊ लागले. एकानं विचारलं, “बाई बोलताना मागे मोटारसायकल कोण सुरू करतं?” दुसऱ्याचा नळदुरुस्तीचा धंदा होता. तो म्हणाला, “तुमच्याकडच्या पाइपात हवा धरली आहे, येऊन बघू का?”

शेवटी साहेबांनी ताईंना बोलावलं. साहेब म्हणजे आमचे केंद्रप्रमुख, अत्यंत गंभीर माणूस. “ताई, उद्या पोट वाजलं तर परवापासून तुम्ही फाइलींच्या खोलीत.”

ताई बाहेर आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं. मी म्हटलं, “ताई, दोन बिस्किटं खाऊन बसा की!”

“वेड लागलंय का तुम्हाला? आवाज बसेल माझा!”

मी कपाळावर हात मारला. या बाईंपुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र ताई आल्या त्या ओठांतल्या ओठांत हसत. पहाऱ्याला खुद्द साहेब स्टुडिओत त्यांच्या शेजारी उभे राहिले. काळजीनं त्यांनीही सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. लाल दिवा लागला.

“श्रोतेहो, आजचा शब्द आहे बॉर्बोरिग्मस. अर्थ, पोटातली गुडगुड! आतड्यांतून हवा आणि पाणी पुढे सरकतं, तेव्हा हा आवाज होतो. पोट रिकामं असलं की जास्तच ऐकू येतो. शब्द मूळचा ग्रीक. त्या लोकांनी बहुधा पोटाला कान लावला आणि ऐकू आलं तेच नाव ठेवलं. म्हणून बघा, बॉर्बो-रिग्मस! आपल्या गुडगुडीचं ग्रीक भावंडच की नाही? तुम्ही ज्याला मोटारसायकल म्हणत होता ना, ते हेच. आज नमुना मुद्दाम ऐकवते.”

आणि त्यांनी माईक सरळ पोटाशी नेला.

पोट गप्प! इतके दिवस माझे कान खाणारं पोट नेमकं आज मौनात गेलं. ताईंनी बसल्या जागी कूस बदलली, पोटावर टिचक्या मारल्या, “अगं, बोल ना गं बाई,” अशी विनवणी केली. रेडिओवर नुसती शांतता. मी काचेपलीकडे शर्टाची बाही तोंडात कोंबून बसलो होतो. साहेबांना राहवेना. माईक हिसकावून घ्यायला ते खाली वाकले आणि त्यांचंच पोट बोललं.

काय बोललं! आधी बारीक शीळ, मग रिकामं पिंप जिन्यावरून गडगडत जावं तसा आवाज. माझ्या यंत्रावरचा काटा पार टोकाला जाऊन आपटला.

ताई शांतपणे म्हणाल्या, “श्रोतेहो, हा नमुना केंद्रप्रमुखांच्या सौजन्याने.”

साहेब आधी लालबुंद झाले, मग फिस्सकन हसले, मग टेबलाला धरून हसले. ताईंनाही हसू आवरेना. मला संगीत लावायचं होतं, पण डोळ्यांतल्या पाण्यानं बटण दिसत नव्हतं. सगळं गावभर ऐकू गेलं.

कार्यक्रम संपला तसे साहेब तडक आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बाहेर फोन खणखणत होते. ताईंचं हसू ओसरलं.

“मजा आली हो,” त्या कागद गोळा करत म्हणाल्या. “पण फाइलींशी मी काय बोलणार?”

मला त्या क्षणी साहेबांचा भयंकर राग आला. उठून त्यांच्या दारावर धडका माराव्यात असं वाटलं. तेवढ्यात दार उघडलं. साहेब डोळे पुसत आले आणि शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाले, “ताई, फोनवर सगळे विचारताहेत, उद्याचा शब्द कोणता?”

ताई उत्तर द्यायला गेल्या आणि त्यांना रडूच फुटलं.