गुलाबरावांची दोन प्रतिज्ञापत्रं

लाखांदूरच्या तहसील कचेरीसमोर कडुलिंबाखाली माझं टेबल आहे. शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच महिन्यात इथं येऊन बसलो. अर्ज लिहून देतो. वारसाची नोंद, निराधारचा अर्ज, हरवलेलं रेशनकार्ड, जे येईल ते. वासुदेवरावांचा अर्ज बाबू लोकसुद्धा शेवटपर्यंत वाचतात असं लोक म्हणतात आणि मी ते म्हणू देतो. गुलाब गजभिये यांचं जे झालं त्यात सरकारचा हात किती आणि या गर्वाचा किती, हे वाचणाऱ्यानं ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे.

२०११ च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा आले. पासष्टी गाठलेले, पाठ ताठ, उजवा पाय ओढत चालणारे. दोन कोसांवरच्या गावात त्यांची धानाची शेती होती. सोळा वर्षं पलटणीत काढून आलेला माणूस, पण लढाईबद्दल त्यांच्या तोंडून गावात कोणी अवाक्षर ऐकलं नव्हतं. रोज दाढी करायचे आणि एसटी उशिरा आली की कंडक्टरकडे असे पाहायचे, की तो बिचारा स्वतःहून कारण सांगायचा. फौज म्हणून एवढंच काय ते उरलं होतं.

त्यांच्या मांडीत लोखंडाचा एक तुकडा होता. चाळीस वर्षं गप्प बसलेला तुकडा आता सरकायला लागला होता. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, लढाईतली जखम आहे असा कागद आणा, म्हणजे फौजी दवाखान्यात काढून देतील. गुलाबरावांनी नोकरीच्या नोंदीची नक्कल मागवली. भंडारा जिल्हा फुटून बारा वर्षं झाली तरी लाखांदूर भंडाऱ्यात राहिलं की गोंदियाला गेलं हे एका हुशार बाबूला ठाऊक नव्हतं, म्हणून ती नक्कल गोंदियाला जाऊन तीन महिन्यांनी परत आली. तिच्यात जखमांच्या रकान्यात लिहिलं होतं निरंक. पदकांच्या रकान्यातही निरंक.

त्यांनी पायजमा वर करून मला मांडी दाखवली. लिंबाएवढा खड्डा होता. म्हणाले, मले फक्त ही जखम कागदावर पाहिजे, बाकी काही नको.

आता माझी पद्धत सांगतो. मी अर्जात कधीच एक मागणी करत नाही. दोन करतो. वरचा साहेब एक खोडतो, त्याला न्याय केल्याचं समाधान मिळतं आणि दुसरी सुखरूप निघते. निम्म्या तालुक्याची कामं मी अशी करून दिली आहेत. म्हणून मी विचारलं, जखम झाली कशी? ते सांगेनात. मी सोडलं नाही, अर्जाला जोर पाहिजे म्हणालो. चहा पाजला. शेवटी त्यांनी सांगितलं, तेही कचेरीच्या भिंतीकडे तोंड करून.

एकाहत्तरची लढाई, पूर्वेची सरहद्द. त्यांच्या तुकडीत भंडाऱ्याचे दोघंच, हे आणि शहापूरचे ईश्वर भुरे. दोघं मैतर झाले होते. आमच्या झाडीपट्टीतली ही जुनी रीत आहे. दोन माणसं नारळ फोडतात, दुपट्टे बदलतात आणि जन्माचे मैतर होतात. त्यानंतर एकमेकांचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं तर ज्याचं काढलं त्याच्या जिवावर बेततं, असं मानतात. एक बौद्धाचा, दुसरा कुणब्याचा. गावात असते तर घरच्यांनी होऊ दिलं नसतं, पण तिथं अडवायला कोण होतं?

डिसेंबरातल्या एका सकाळी त्यांची अख्खी तुकडी धानाच्या कापलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, अडकून पडली. समोर तलावाच्या पाळीवर मशीनगन होती. ईश्वररावांच्या पोटात गोळी लागली. गुलाबराव बांधाच्या आडोशानं सरपटत गेले, पाळीवर चढले आणि ती बंदूक बंद करून आले. परतताना मैतराला खांद्यावर घेतलं, तेव्हा तोफेचा गोळा जवळच फुटला. ते बेशुद्ध पडले आणि पहिल्याच गाडीतून त्यांना मागच्या दवाखान्यात नेलं; त्या घाईत त्यांच्या जखमेचा कागद पलटणीच्या नोंदीत चढलाच नाही. कप्तान नवा होता. धुरात त्यानं फक्त एक पाठ पाहिली होती. त्यानं ईश्वररावांना विचारलं, तू होतास? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग कोण होता? ईश्वरराव गप्प. तीनदा विचारलं, तिन्ही वेळा गप्प. मैतर तिकडं जीव जातो की राहतो अशा अवस्थेत, आणि नेमकं तेव्हाच त्याचं नाव कसं घ्यायचं? दुपारी ईश्वरराव गेले. कप्तानाला वाटलं, बहाद्दर माणूस, मरतानाही स्वतःचं कौतुक नको म्हणतो. त्यानं तसंच लिहून पाठवलं.

हे सगळं गुलाबरावांना चार महिन्यांनी, त्यांच्याच तुकडीतल्या एकानं दवाखान्यात येऊन सांगितलं. तोवर वर्तमानपत्रात फोटो आला होता. केशरबाई भुरे, ईश्वररावांची बायको, मांडीवर सहा महिन्यांचं मूल आणि हातात शौर्यपदक. गुलाबरावांनी तो फोटो पाहिला आणि तोंड मिटलं. शहापुरात चाळीस वर्षांत पाऊल टाकलं नाही.

माझ्यासारख्या अर्जवाल्याच्या हाती असं घबाड लागल्यावर त्याची अक्कल ठिकाणावर राहत नाही. मी एक मागणी जखमेची लिहिली आणि दुसरी पदकाची. सदर कामगिरी अर्जदाराने केली असून नजरचुकीने ती अन्य जवानाच्या नावे नोंदली गेली आहे, असं वाक्य घातलं, नावासकट. मग त्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, पुन्हा वाचा. चाळीस वर्षांत ती गोष्ट त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली होती. डोळे भरून आले होते. मी विचारलं, खोडू का? त्यांनी सही केली. माझी खात्री होती, साहेब दुसरी मागणी खोडेल आणि जखम तेवढी मिळेल.

साहेबानं काहीच खोडलं नाही. पावसाळ्यात उत्तर आलं, प्रतिज्ञापत्र करून पाठवा. पाठवलं. दिवाळीनंतर दुसरं आलं, प्रकरण चौकशीसाठी वर दिलं आहे. सरकारनं दुर्लक्ष केलं तर माणूस खेटे घालतो, पण सरकारनं लक्ष दिलं की कुठं लपायचं ते कळत नाही. मंगलाबाई, गुलाबरावांची बायको, एकदा एकट्याच टेबलाशी आल्या. हे थांबवता येईल का विचारलं. पोस्टमन दिसला की यांना जेवण जात नाही, असं सांगत होत्या. मी त्यांना समजावून परत पाठवलं. थांबवता येत नव्हतं हे मात्र सांगितलं नाही.

जानेवारीत एक चाळिशीचा माणूस आला. खुर्चीवर बसला नाही. खिशातून पत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं आणि तळहातानं सरळ केलं. हा धनंजय भुरे, फोटोतलं ते मूल. त्याच्या आईला मूळ पदक आणि सोबतची सगळी कागदपत्रं पडताळणीसाठी जमा करायला सांगितलं होतं. अर्ज कोणी लिहिला, त्यानं विचारलं. मी म्हणालो, मी. तो आवाज न चढवता बोलला.

"मायच्या गळ्यातली काळी पोत गेली तवापासून तिच्यापाशी ते पदकच आहे. तिले काही झालं तर मी इथंच येईन. दुसरीकडं कुठं जाणार नाही."

तो गेला आणि मला दिवसभर अक्षर वळेना. संध्याकाळी मी गुलाबरावांच्या गावी जाऊन सगळं सांगितलं. ते उठले आणि दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या एसटीनं शहापूरला जायचं म्हणाले. मला सोबत घेतलं. दोन गाड्या बदलून, हायवेवर उतरून, आम्ही भुऱ्यांच्या घरी पोचलो.

केशरबाई अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या. बारीक, पांढऱ्या केसांच्या. धनंजय दारात उभा राहिला आणि आत या म्हणाला नाही. गुलाबराव अंगणातच हात जोडून उभे राहिले आणि अर्ज परत घेतो म्हणाले. त्यांनी आपलं नावही सांगितलं नव्हतं. केशरबाईंनी त्यांच्या ओढत्या पायाकडे पाहिलं; अर्जदाराच्या मांडीत जखम आहे, हे सरकारी पत्रात आलेलं होतं.

"तुम्ही त्याहिचे मैतर," त्या म्हणाल्या. "बसा भाऊजी."

मग त्या आत जाऊन पत्र्याच्या पेटीतून एक पत्र घेऊन आल्या. कप्तानानं बहात्तर साली त्यांना लिहिलेलं. तुमच्या पतीला तीनदा विचारलं, त्यांनी मान हलवली पण कोणाचंही नाव घेतलं नाही, इतके ते निगर्वी होते, असं त्यात होतं. गावच्या गुरुजींनी वाचून दाखवलं तेव्हा सगळी आळी रडली होती. केशरबाई मात्र तेव्हाच समजल्या होत्या. पलटणीत मैतर केला आहे, हे नवऱ्यानं त्यांना कळवलं होतं; तो कोणाचं नाव घेत नाही, हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत असणार? मांडीवर पोर होतं, सासरचे हाकलायला टपले होते, त्या पदकामुळं त्यांना घरात जागा मिळाली. म्हणून त्या बोलल्या नाहीत.

"तुम्ही एक दिवस येसाल, अन् मी देऊन टाकीन, असं वाटे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलेच नाही. कायले नाही आले?"

गुलाबराव म्हातारे रडतात तसे रडले, आवाज न करता. धनंजय तिथून निघून गेला, त्याला हे सगळं आजच कळत होतं. केशरबाईंचा निर्णय झाला होता. पदक आणि पत्र त्या स्वतः पाठवणार होत्या, खरं काय ते लिहून. गुलाबरावांनी नको म्हणून हात धरला, पायही धरायला निघाले. त्या ऐकेनात. मरायच्या आधी हे ओझं उतरवू द्या म्हणाल्या. त्यांचा जबाब मीच लिहिला, त्याच अंगणात, मांडीवर पाट घेऊन. मला वाटलं, चला, माझ्या हातून शेवटी चांगलं झालं. रजिस्टर पोस्टाची पावती मी त्यांना दिली आणि परत येताना पहिल्यांदाच मला झोप लागली.

पुढचं सगळं वर्ष काही आलं नाही. गुलाबरावांचा पाय काळा पडायला लागला. डॉक्टर म्हणे, कागद आणा. मी तीन स्मरणपत्रं लिहिली.

उत्तर पुढच्या मार्चमध्ये आलं, एकच पान. त्यात लिहिलं होतं की दिवंगत जवानाच्या पत्नीने दिलेल्या कबुलीनुसार सदर कामगिरी त्यांच्या पतीची नव्हती, म्हणून ते पदक रद्द करून नोंद वगळण्यात येत आहे. अर्जदाराच्या बाजूनं प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार कोणी नाही आणि मुदतही टळली आहे, म्हणून त्याचा पदकाचा दावा फेटाळण्यात येत आहे. त्या दिवशीच्या कामगिरीची एकमेव नोंद आता वगळली गेल्यामुळे अर्जदार त्या ठिकाणी हजर होता हेही सिद्ध होत नाही, म्हणून जखमेचा दावाही फेटाळण्यात येत आहे. खाली गोल शिक्का. दुरुस्ती झाली होती. त्या पाळीवर आता कोणीच चढलेलं नव्हतं.

मी ते वाचून दाखवलं. दोन मागितलं की एक मिळतं, हे मी तालुक्याला शिकवत आलो होतो, आणि इथं माझ्यामुळं तिघांचं गेलं होतं. गुलाबरावांनी विचारलं की केशरबाईंना हे पत्र गेलं असेल का. मी म्हणालो, गेलं असणारच. त्यांनी काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाले, नवा कागद घ्या.

"लिहा, का मी खोटं बोललो. ते बंदूक माह्या मैतरानंच बंद केली. त्याच्या बायकोले मी फसवून जबाब लिहून घेतला. त्या सकाळी मी मागं भात शिजवून राहिलो होतो."

"आणि मांडीतलं लोखंड?"

"बैलबंडीवरून पडलो म्हणून लिहा."

मी त्यांना परिणाम सांगितले. एकाच गोष्टीची दोन उलटी प्रतिज्ञापत्रं म्हणजे खोट्या शपथेचा गुन्हा. खटला होईल. पेन्शन अडकेल. त्या पायाला दवाखाना कायमचा बंद. ते म्हणाले, तुम्ही लिहा. मैतराचं नाव लिहायची जागा आली तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी एकच मागणी लिहिली, पदक परत त्या घरी पाठवण्याची. त्यांनी वाचून घेतलं नाही, मी बोट ठेवलं तिथं सही केली.

पाय शेवटी सरकारी दवाखान्यात गुडघ्याच्या वरून कापावा लागला. पावसाळा संपताना दोन माणसं जीपनं आली आणि आधी माझ्या टेबलाशी थांबली. दोन्ही प्रतिज्ञापत्रं त्यांच्याकडे होती, दोन्ही माझ्याच अक्षरात. गावचा रस्ता त्यांनी विचारून घेतला होता. त्यांतल्या एकानं दोन्ही कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, यातलं खरं कोणतं. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, मग पहिलं खोटं होतं हे माहीत असून तुम्ही लिहिलंत, असं लिहून घ्यावं लागेल. मी म्हणालो, घ्या. त्यानं लिहून घेतलं, कागद फिरवून माझ्याकडे सरकवला, आणि मी सही केली.