साखरपुडा आणि अमेरिकेतले दुपारचे बारा

"नून! ट्वेल्व्ह नून!" आमचा अमेरिकन साहेब केबिनमधून असा ओरडत बाहेर आला, की कतारमधल्या मेसईदच्या बंदरातली जहाजं दोन हात मागे सरकली असतील. आला आणि थेट मला मिठीच मारली. साहेब साडेसहा फूट, मी त्याच्या खिशापर्यंत. त्या खिशातल्या पेनाचा ठसा माझ्या कपाळावर पुढे दोन दिवस होता.

"म्हणजे इथे संध्याकाळी आठ! अलार्म नको, काही नको! हॉल आपलाच आहे ना?"

"आहे की, सर," मी म्हणालो.

हॉल होता. पण त्याच शनिवारी, त्याच हॉलमध्ये, सात चाळीसच्या मुहूर्तावर माझ्या मुलीचा साखरपुडाही होता. दोन्ही नोंदी माझ्याच वळणदार अक्षरात, कारण कंपनी कॉलनीतल्या क्लब-हॉलचं रजिस्टर माझ्याकडे.

आता हा पराक्रम कसा घडला, तर साहेबाच्या जुन्या कॉलेजची टीम अमेरिकेत फुटबॉल खेळते. त्या फुटबॉलमध्ये बॉलला पाय लागलाच तर चुकून लागतो, ते जाऊ दे. पोरं कॉलेजची, मैदान कॉलेजचं, पण मॅच किती वाजता ते टीव्हीवाले ठरवणार! चॅनेलवाले पाळीपाळीने मॅच उचलतात. पहिली पाळी ज्याची, तो सगळ्यात झणझणीत मॅच घेतो. वेळ कळवतात बारा दिवस आधी. त्यातही एखादी मॅच राखून ठेवतात. आधीच्या शनिवारी कोण जिंकतंय बघू, मग सांगू. साहेबाची मॅच नेमकी तशीच राखलेली, म्हणजे सहा दिवसांवर आल्यावर कळणार. साहेबाने हॉल धरला तोच मुळी "तारीख नक्की, वेळ टीव्ही सांगेल" असं म्हणून. मी रजिस्टरमध्ये तसंच्या तसं लिहिलं.

शक्यता तीनच. तिकडे दुपारी बारा, साडेतीन, नाहीतर रात्री साडेसात. आपल्याकडे संध्याकाळी आठ, रात्री साडेअकरा, नाहीतर पहाटे साडेतीन. "मोठी मॅच रात्रीच लावतात," साहेब एकदा बोलून गेला होता. झालं! टीम जिंकली की मॅच मोठी, मॅच मोठी की इथे पहाट, पहाट की संध्याकाळी हॉल आपला. मिरजेच्या गुरुजींनी फोनवर कतारच्या वेळेने सात चाळीस सांगितलं, जावईबापूंना शिफ्टमधून तोच शनिवार सुटीचा, आणि मी छाती फुगवून साहेबाच्या नोंदीखाली आमची नोंद केली.

बायकोला हे कळलं तेव्हा ती पोळी तव्यावर करपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे माझ्या लेकीचा साखरपुडा त्या हेल्मेटवाल्या पोरांच्या हातात?"

"पोरं चांगली आहेत गं."

राखून ठेवलेल्या त्या मॅचच्या आधीचा शनिवार आला. टीमची त्या दिवशीची मॅच संध्याकाळी आठलाच होती. बायकोने टीव्हीपुढे उदबत्ती लावली. नेमक्या विहीणबाई एशियन टाउनमधून खरेदी करून, पिशव्या घेऊन डोकावल्या. त्यांना या भानगडीतलं काही माहीत नाही. आम्ही दोघं हात जोडून अमेरिका बघतोय!

"तुमच्याकडे या खेळाचं फारच वेड दिसतं," त्या म्हणाल्या.

"यांच्या घराण्यात पहिल्यापासूनच आहे," बायको पापणी न हलवता म्हणाली.

टीम जिंकली. जिंकली म्हणजे काय, समोरच्यांना परत शाळेत बसवलं. आम्ही पेढे वाटले. विहीणबाईंनी दोन खाल्ले, तिसरा रुमालात बांधून नेला. आपण सोयरीक कुठे केली, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर होता, पण पेढा ताजा होता.

आणि इथेच घात झाला. टीम एवढी मोठी झाली की पहिल्या पाळीच्या चॅनेलने पुढची मॅच झडप घालून उचलली. त्या चॅनेलची रीत अशी, की आपला सगळ्यात भारी माल दुपारी बाराला मांडायचा! हे साहेबाने मला सोमवारी, मिठीतून सोडल्यावर, अतिशय प्रेमाने समजावून सांगितलं. हरली असती तर, असं मी हळूच विचारलं. "मग साडेतीनला टाकली असती," तो म्हणाला. म्हणजे आम्ही देवाला साकडं घालून आमचाच हॉल घालवला होता.

घरी आलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"गुरुजींना लावा."

"अगं, मुहूर्त काय टीव्हीवाल्यांचा आहे, हलवायला?"

"लावा म्हणते ना!"

लावला. बॉल, हेल्मेट, चॅनेलच्या पाळ्या, उदबत्ती, साहेबाची मिठी, सगळं एका दमात सांगितलं. शेवटी विचारलं, "गुरुजी, तीन-चार तास अलीकडे घेतलं तर दोष लागेल का? एखादी शांती करावी लागली तरी चालेल."

पलीकडे पंचांगाचं एक पान उलटल्याचा आवाज आला.

"दुपारी चार वाजून बारा मिनिटांचाही आहे," गुरुजी म्हणाले. "तुम्ही संध्याकाळचा विचारलात, म्हणून सात चाळीस सांगितला."