कात्रीताईची पाऊण तासाची सैर

आमच्या गणवेश शिवायच्या कारखान्यात तिला सगळे कात्रीताई म्हणतात. कापणीच्या टेबलापाशी ती एकतीस वर्षं उभी आहे. कापडाचे चाळीस थर एकावर एक घालून ती बाह्या कापते, आणि एकही थर सूतभर सरकत नाही. जीभही तशीच, एका फटक्यात चाळीसजणांना कापणारी. मी तिच्या शेजारी कापडाच्या कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर बसते, त्यामुळे तिचं रडगाणं मला तोंडपाठ आहे.

रडगाणं एकच. धाकटी बहीण.

धाकटी दोन वर्षांची असताना तापात तिचे पाय गेले. तेव्हापासून खिडकीजवळची जागा धाकटीची, नवी उशी धाकटीची, बाबांची पाठही धाकटीचीच. कात्रीताईनं काही मागितलं की आई म्हणायची, "तुला पाय आहेत ना? मग थांब जरा." आता आईबाबा नाहीत. दोघी बहिणी दोन खोल्यांत राहतात. धाकटी घरबसल्या एका कंपनीचे फोन घेते. तिच्या गोड आवाजापुढे तक्रार करणारेसुद्धा विरघळतात म्हणे. "आवाज गोड असायला काय झालं? दिवसभर बसून तर असते," असं कात्रीताई म्हणते, आणि घरी जाताना धाकटीच्या कुबड्यांना लावायला नवी रबरं घेऊन जाते.

गेल्या वर्षी कारखान्याची सहल मोठ्या करमणूक पार्कात निघाली. प्रत्येकाला घरचं एक माणूस आणायची मुभा होती. कात्रीताईनं धाकटीला आणलं. आणलं नसतं तर घरी तोंड कसं दाखवणार?

दारातच बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर भाड्यानं मिळत होत्या. चार छोटी चाकं, गुबगुबीत खुर्ची, पुढे हँडल. वेगाच्या बटणाच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. धाकटीनं कुबड्या खुर्चीमागे अडकवल्या आणि पाच मिनिटांत कारंज्याभोवती ऐटीत फेरी मारून आली. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मी कापायचं यंत्र शिकले तेव्हा कुणी टाळी वाजवली नव्हती," कात्रीताई माझ्या कानाशी म्हणाली.

खरी गंमत पहिल्या पाळण्यापाशी झाली. रांग पार लांब गेलेली. तिथला माणूस धाकटीला म्हणाला, "तुम्ही बाजूच्या दारानं या. सोबत एकजण चालेल."

मग काय विचारता! गुळाला मुंगळे चिकटावेत तसे सगळे धाकटीला चिकटले. काजं करणारी आली, इस्त्रीवाला आला, आमचे सुपरवायझर साहेबसुद्धा पोट आत ओढत पुढे सरसावले.

"बहीण माझी आहे," कात्रीताई म्हणाली.

"अहो ताई, तुम्हाला ती रोज आहेच की!" म्हणत साहेब आत गेलेसुद्धा.

दुपारपर्यंत असंच चाललं. धाकटीबरोबर आळीपाळीनं एकेकजण आत जाई आणि हसत बाहेर येई. कात्रीताई सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत उन्हातल्या रांगेत. तिच्या घोट्यांवर सूज चढली होती. धाकटी लांबून हात हलवायची, की ही दुसरीकडे बघायची.

नावेच्या फेरीला सोबत जायची पाळी माझी होती. तिथली मुलगी म्हणाली, "स्कूटर नावेत चढणार नाही. नाव पलीकडच्या दाराशी लागते. कुणीतरी गाडी तिकडे आणून ठेवा."

सगळे कात्रीताईकडे बघू लागले.

"आणते. मला पाय आहेत ना," ती म्हणाली.

पुढचं तिनंच मला नंतर सांगितलं. आमची नाव वळणाआड गेल्यावर तिनं पिशव्या इस्त्रीवाल्याच्या गळ्यात घातल्या आणि खुर्चीवर बसली. पायांतून अशी कळ निघून गेली म्हणे, की डोळ्यांत पाणी आलं. आधी कासवाच्या बाजूनं निघाली. लोक आपोआप बाजूला होऊ लागले. मग तिनं बटण थेट सशाकडे फिरवलं.

पलीकडचं दार आलं आणि मागे पडलं. ती थांबली नाही. बदकांचं तळं झालं, आरसेमहाल झाला, घोड्यांच्या चक्राला दोन फेऱ्या झाल्या. आईस्क्रीमवाला टपरीतून उठून तिच्या हातात कोन देऊन गेला. एका बाईनं हळूच विचारलं, "किती वर्षं झाली हो?"

"एकतीस," कात्रीताई म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

आरसेमहालामागच्या चढावर बॅटरी संपली. ती खाली उतरून गाडी ढकलू लागली. मघाची ती बाई लांबून बघतच होती. "अहो, त्या उभ्या राहिल्या!" ती ओरडली आणि चार माणसं जमली. कात्रीताई मान खाली घालून ढकलत राहिली.

इकडे नावेवरच्या माणसांनी धाकटीला उचलून पलीकडच्या दाराजवळच्या बाकावर बसवलं होतं, मी शेजारी. कुबड्या गाडीला अडकवलेल्या. पहिली दहा मिनिटं धाकटी गप्पा मारत होती. मग मला हळूच म्हणाली, "मला बाथरूमला जायचंय."

"मी उचलून नेते."

"नको. ताई येईल."

पाऊण तासानं ताई आली, घामानं निथळत, एक पहारेकरी मागून गाडी ढकलतोय. धाकटीनं आधी कुबड्या ओढून घेतल्या. आम्ही तिघी बाथरूमपर्यंत गेलो. बाहेर आल्यावर मात्र धाकटीचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला.

"कुठे होतीस? पाऊण तास, ताई! माझी काय अवस्था झाली असेल, कळतं तुला?"

"पाऊण तास थांबलीस तर एवढं! मी जन्मभर थांबतेय. का, तर मला पाय आहेत!"

"मग मला सांगायचंस! मी काय आई आहे?"

कात्रीताईनं वाकून खुर्चीवर सांडलेलं आईस्क्रीम रुमालानं पुसून काढलं.

पार्कच्या कार्यालयातून दुसरी बॅटरी आली. धाकटी म्हणाली, "आता तू बस, मी बाकावर थांबते." कात्रीताई नाही म्हणाली. परतताना बसमध्ये धाकटीनं सगळ्यांना गाणी म्हणायला लावली, आणि कात्रीताई सबंध वाट खिडकीकडे तोंड करून बसली.

सोमवारी तिनं साहेबांकडे टेबलाजवळ बसायला उंच स्टूल मागितलं. ते दुपारी आलंसुद्धा. "आधी का नाही मागितलंत ताई?" साहेब म्हणाले, आणि ती आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही. स्टुलावर मात्र बसते.

परवा यंदाच्या सहलीचा विषय निघाला. काजं करणारी म्हणाली, "ताई, धाकटीला नक्की आणा हं."

कात्रीताईनं कापडावरची नजर काढली नाही.

"आणते. पण तिच्याबरोबर आत मी जाणार. तुम्ही सगळे रांगेत मरा."